इंग्रजी लिहिताना ‘आपला’ कोणाचा?

रजेचा अर्ज इंग्रजीत लिहायला घेतला की मजकूर कसाबसा उतरतो, आणि गाडी अडते ती शेवटच्या ओळीत. मराठीत आपण डोळे मिटून ‘आपला विश्वासू’ लिहून मोकळे होतो. इंग्रजीत त्या जागी ‘युअर्स फेथफुली’ येतं आणि ‘युअर्स’मधल्या एस या अक्षराच्या आधी एक ॲपॉस्ट्रॉफी ठेवून द्यायला हात शिवशिवतो. सरकारी कचेऱ्यांपासून सोसायटीच्या नोटिशींपर्यंत ही ॲपॉस्ट्रॉफी इतक्या वेळा दिसते की तीच बरोबर वाटायला लागते. ती चूक आहे. नामाला षष्ठी लावताना ॲपॉस्ट्रॉफी लागते: ‘सीमाज बुक’, ‘टीचर्स चेअर’. सर्वनामाला तिची गरज नाही, कारण सर्वनामाचं रूपच मालकी सांगतं. ‘हिज’ लिहिताना आपण मध्ये काही घुसवत नाही ना? मग ‘युअर्स’, ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांनाही तोच न्याय. ‘वन्स’, ‘समबडीज’, ‘ईच अदर्स’ अशा मंडळींना मात्र ती लागते. हे अपवाद लक्षात ठेवा.

शाळेतल्या अर्जात आणखी एक गंमत असते. ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ याचं इंग्रजी ‘युअर ओबीडियंट स्टुडंट’. इथे एस नाही. पण ‘युअर्स ओबीडियंटली’ लिहिलं तर एस हवा. कारण साधं आहे: पुढे नाम असेल तर ‘माय, युअर, हर, अवर, देअर’, आणि पुढे नाम नसेल, ते गृहीत धरलेलं असेल, तर ‘माइन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स’. ‘युअर ओबीडियंट स्टुडंट’मध्ये विद्यार्थी हे नाम समोर उभं आहे. ‘ओबीडियंटली’ हे क्रियाविशेषण, त्याला कोणाची मालकी चिकटणार? दोन्हींची खिचडी करून ‘युअर्स ओबीडियंट स्टुडंट’ लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. बिचारा ‘हिज’ मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच राहतो: ‘धिस इज हिज पेन’ आणि ‘धिस पेन इज हिज’. जाता जाता, ‘डिअर सर’ने पत्र सुरू केलं असेल तर ‘फेथफुली’ आणि नाव घालून सुरू केलं असेल तर ‘सिन्सिअरली’, हा ब्रिटिश रिवाज. आपल्याकडच्या परीक्षेत तोच चालतो. अमेरिकी माणूस दोन्हीकडे ‘सिन्सिअरली’च लिहील.

ॲपॉस्ट्रॉफीचा विषय निघालाच आहे तर ‘इट्स’चंही उरकून टाकू. आय-टी-एस ही तीन अक्षरं सलग लिहिली की अर्थ ‘त्याचा, त्याची, त्याचे’. एसच्या आधी ॲपॉस्ट्रॉफी आली की ते ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’चं आखूड रूप. शंका आली तर वाक्यात ‘इट इज’ घालून मोठ्याने वाचा. ‘द डॉग वॅग्ड इट इज टेल’ हे कानालाच खटकेल, म्हणजे तिथे ॲपॉस्ट्रॉफी नको. ‘हूज’चंही अगदी असंच: ‘कोणाचा’ या अर्थी डब्ल्यू-एच-ओ-एस-ई, आणि ‘हू इज’ म्हणायचं असेल तर ॲपॉस्ट्रॉफी. या चुकीबद्दल फार लाज वाटून घेऊ नका. मालकी सांगणारं ‘इट्स’ हे रूप इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलं. त्याआधी निर्जीव वस्तूंसाठीही ‘हिज’च वापरत. पुढची दोनशे वर्षं शिकलेसवरलेले लोकही ते ॲपॉस्ट्रॉफीसह लिहीत होते. अमेरिकेच्या 1787 च्या संविधानाच्या मूळ प्रतीत, पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, आजच्या नियमाने चूक ठरणारं हे रूप अजून तसंच आहे. अर्थात परीक्षेत हा दाखला देऊन गुण मिळणार नाहीत.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. मराठी माणसाचं इंग्रजी सर्वनाम जिथे घसरतं, तिथे बहुतेक वेळा मागे ‘आपला’ किंवा ‘स्वतः’ उभा असतो. बाकीची षष्ठी आपल्याला खरं तर मदतच करते. ‘तिचा भाऊ’ म्हणताना ‘ति’ हा भाग मालक सांगतो आणि ‘चा’ हा भाग भाऊ पुल्लिंगी आहे हे सांगतो. इंग्रजीला दुसऱ्या भागाशी देणंघेणं नाही. भाऊ असो, बहीण असो की पुस्तक, मालकीण बाई असेल तर ‘हर’. म्हणून ‘तिचा, तिची, तिचे, तिच्या’ या सगळ्यांचं एकच ‘हर’ आणि ‘त्याचा’पासून ‘त्याच्या’पर्यंत सगळ्यांचं एकच ‘हिज’. इतपत कोणीही पेलतो. पण ‘सीमा आपल्या नवऱ्याबरोबर बाजारात गेली’ या वाक्यात ‘ति’ गायब आहे. ‘आपल्या’ हा शब्द मालक कोण ते सांगतच नाही, ते वाक्याच्या कर्त्याकडे बघून समजून घ्यायचं असतं. मराठी वाचणारा ते सहज समजून घेतो. इंग्रजी करणारा मात्र जवळ दिसलेल्या नवऱ्याचं लिंग पकडतो आणि लिहितो ‘विथ हिज हजबंड’. बायकोचा नवरा, नवऱ्याचा नवरा, सगळा गोंधळ एका शब्दापायी.

यावर उपाय एकच. ‘आपला’ दिसला की इंग्रजीकडे वळण्याआधी मराठीतच त्याचा उलगडा करा. त्या जागी ‘माझा, तुझा, त्याचा, तिचा, आमचा, त्यांचा’ यांपैकी एक बसवा, भले ते मराठी वाक्य कानाला थोडं ओबडधोबड लागो. ‘मी आपल्या गावी गेलो’: ‘माझ्या’, म्हणून ‘माय’. ‘मुलांनी आपली दप्तरं उचलली’: ‘त्यांची’, म्हणून ‘देअर’. ‘तू आपलं काम कर’: ‘तुझं’, म्हणून ‘युअर’. ‘आपलं नाव काय?’ हे परक्या माणसाला अदबीने विचारलं असेल तर ‘युअर’. ‘आपली मुंबई’ म्हणताना ऐकणाराही आत घेतलेला असतो, म्हणून ‘अवर’. (‘आमची मुंबई’चंही ‘अवर’च. ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हा मराठीचा बारकावा इंग्रजीत उतरत नाही, तो सोडून द्यायचा.) आणि ‘मी आपला गप्प बसलो’? इथे ‘आपला’ कोणाच्याच मालकीचा नाही. तो नुसता वाक्याला हलकेपणा द्यायला आला आहे. इंग्रजीत त्याचं सर्वनाम होत नाही. फार तर ‘जस्ट’ येईल: ‘आय जस्ट केप्ट क्वाएट’.

एका बाबतीत मात्र ‘आपला’ इंग्रजीपेक्षा सरस आहे. ‘रमेशने सुरेशला आपल्या गाडीतून घरी सोडलं’ म्हटलं की गाडी रमेशची, वाद नाही. ‘त्याच्या गाडीतून’ म्हटलं की ती सुरेशची किंवा तिसऱ्याच कोणाची. इंग्रजीत दोन्हींचं ‘इन हिज कार’ होतं आणि गाडी कोणाची हे वाचणाऱ्याने ठरवायचं. पोलिसात तक्रार, विम्याचा दावा किंवा कार्यालयीन अहवाल लिहिताना हे महागात पडू शकतं. तिथे ‘हिज ओन कार’ लिहा, आणि तरीही शंका उरत असेल तर सरळ नाव पुन्हा घ्या: ‘इन रमेशेस कार’. सर्वनाम वापरलंच पाहिजे असा कुठे दंडक नाही.

‘ओन’ शब्द आला की आणखी एक सवय आठवते. ‘ही हॅज ओन हाउस’, ‘वी हॅव ओन बिझनेस’. लग्नाच्या बायोडेटात ‘पुण्यात ओन फ्लॅट’ लिहिलेलं खपून जातं, तिथे तसंही वाक्य नसतं. पण वाक्यात ‘ओन’ एकटा उभा राहू शकत नाही, त्याच्या आधी मालक लागतोच: ‘हिज ओन हाउस’, ‘अवर ओन बिझनेस’. एकाच घराकडे बोट न दाखवता ‘स्वतःचं असं एक घर’ म्हणायचं असेल तर ‘अ हाउस ऑफ हिज ओन’. ‘ॲन ओन हाउस’ नाही. आणि ‘स्वतःचा’चं शब्दशः ‘हिमसेल्फ्स’ तर नाहीच नाही. ‘सेल्फ’वाल्या शब्दांना षष्ठी लागत नाही.

आदरार्थी अनेकवचन हा आपला आणखी एक गोड त्रास. ‘बाबांचा चष्मा हरवला, ते त्यांचा चष्मा शोधत आहेत’. ‘त्यांचा’चं ‘देअर’ करून मुलं लिहितात की बाबा ‘देअर ग्लासेस’ शोधताहेत, जणू सगळ्या घराचा मिळून एकच चष्मा आहे. इंग्रजीत आदर सर्वनामात मावत नाही. एक पुरुष असेल तर ‘हिज’, एक बाई असेल तर ‘हर’, मग ते राष्ट्रपती असोत की मुख्याध्यापिका. गंमत अशी की ही चूक आईच्या वाक्यात होत नाही, कारण बऱ्याचशा मराठी घरांत आई ‘ती’ असते आणि बाबा ‘ते’. उलट निर्जीव वस्तूंच्या बाबतीत लिंग सोडून द्यायचं: खुर्ची मराठीत ती, तिचा पाय मोडला, पण इंग्रजीत ‘इट्स लेग’. जहाजाला ‘शी’ म्हणण्याची जुनी पद्धत दर्यावर्दी लोकांत होती. पण जहाजवाहतुकीच्या बातम्या देणाऱ्या लंडनच्या ‘लॉइड्स लिस्ट’नेही 2002 मध्ये जहाजाला ‘इट’ म्हणायचं ठरवलं.

मराठी जिथे गप्प राहते तिथे इंग्रजी मालक विचारते, हेही लक्षात घ्या. ‘हात धुऊन ये’, ‘त्याने डोळे मिटले’, ‘तिने मान हलवली’. हात, डोळे, मान कोणाची हे आपण सांगत नाही, दुसऱ्याची कशी असणार? इंग्रजीत सांगावंच लागतं: ‘वॉश युअर हँड्स’, ‘ही क्लोज्ड हिज आइज’, ‘शी शुक हर हेड’. नुसतं ‘वॉश हँड्स’ हे भिंतीवरच्या पाटीला शोभतं. अंगावरचे कपडे, जवळची माणसं, खिशातला मोबाइल यांनाही हाच नियम: ‘मी मोबाइल घरी विसरलो’ म्हणजे ‘माय फोन’.

आणि ‘माझा एक मित्र’. याचं ‘माय वन फ्रेंड’ हे भाषांतर महाराष्ट्रात एवढं रुळलं आहे की ते ऐकताना खटकत नाही. इंग्रज ऐकेल तेव्हा त्याला वाटेल की या माणसाला जन्मात एकच मित्र आहे. मराठीत ‘माझा’ आणि ‘एक’ शेजारी शेजारी सुखाने नांदतात. इंग्रजीत नामाच्या आधीची ती जागा एकालाच मिळते: एकतर ‘अ’, ‘धिस’, ‘दॅट’, नाहीतर ‘माय’. दोघांनाही घ्यायचं असेल तर मालकाला मागच्या बाकावर पाठवायचं: ‘अ फ्रेंड ऑफ माइन’, ‘धिस हॅबिट ऑफ युअर्स’, ‘दॅट ब्रदर ऑफ हर्स’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ही चालतं, पण त्यात ‘फ्रेंड्स’चा एस विसरायचा नाही. ‘तुझी ही सवय’, ‘तिचा तो भाऊ’ अशी वाक्यं आपण दिवसातून किती वेळा बोलतो, म्हणून हा साचा घोटून ठेवण्यासारखा आहे.

आता ‘सेल्फ’. मराठी व्याकरणात ‘आपण’ आणि ‘स्वतः’ यांना आत्मवाचक सर्वनामं म्हणतात. इंग्रजीतली ‘मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, अवरसेल्व्ह्ज, युअरसेल्व्ह्ज, देमसेल्व्ह्ज’ ही त्याच जातीची. ‘हिजसेल्फ’ आणि ‘देअरसेल्व्ह्ज’ ही रूपं प्रमाण इंग्रजीत नाहीत, ‘मायसेल्फ’च्या चालीवर ती तोंडात येतात इतकंच. एक उपयोगी गोष्ट: ‘यू’ म्हटलं की तू की तुम्ही ते कळत नाही, पण ‘सेल्फ’ लागला की कळतं. एक माणूस असेल तर ‘युअरसेल्फ’, अनेक असतील तर ‘युअरसेल्व्ह्ज’. इथेही आदर आड येऊ देऊ नका. पाहुणे एकटे आले असतील तर कितीही मोठे असले तरी ‘प्लीज हेल्प युअरसेल्फ’च.

‘मायसेल्फ अमुक अमुक, फ्रॉम सातारा’ ही ओळख करून देण्याची रीत भारतभर चालते. मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ असं विचारतात, लहानपणी ‘मायसेल्फ’ नावाचा निबंध पाठ केलेला असतो, दोन्ही मिळून हे झालं असावं असा माझा तर्क आहे. ‘मायसेल्फ’ वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही. तो सावलीसारखा आहे, आधी माणूस उभा राहिला पाहिजे. वाक्यात ‘आय’ किंवा ‘मी’ (एम-ई) येऊन गेला असेल तरच पुढे ‘मायसेल्फ’ला जागा. म्हणून ‘आय ॲम अमुक’ किंवा ‘माय नेम इज अमुक’. ‘लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ’ हे मात्र शुद्ध आहे, कारण ओळख करून देणारा ‘मी’च आणि जिची ओळख होते ती व्यक्तीही तीच.

याच नियमाने ईमेलमधलं ‘प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ आणि ‘मायसेल्फ अँड माय मॅनेजर विल अटेंड’ बाद होतं. पहिल्यात इंग्रजी ‘मी’ हवा, दुसऱ्यात ‘माय मॅनेजर अँड आय’. ‘मी’ हा शब्द साधा वाटतो म्हणून लोक ‘मायसेल्फ’चा फेटा बांधतात. इंग्लंड-अमेरिकेतले कॉल सेंटरवालेही हे करतात, तेव्हा तिकडे ऐकलं म्हणून बरोबर मानू नका. जोडीने नावं आली की दुसरं नाव झाकून वाचायचं: ‘प्लीज सेंड इट टू… मी’. जे एकट्याला चालतं तेच जोडीला चालतं.

क्रियापदांचा भाग मात्र नियमाने सुटत नाही, तो ओळखीने सुटतो. ‘ट्रिपला गेलो, खूप एन्जॉय केलं’ यावरून ‘वी एन्जॉइड अ लॉट’ येतं. ‘एन्जॉय’ला पुढे कर्म लागतं. ट्रिप एन्जॉय करा, जेवण एन्जॉय करा, आणि काहीच नसेल तर ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज’. बँकेच्या पत्रकात ‘अव्हेल धिस फॅसिलिटी’ असतं. प्रमाण इंग्रजीत तिथे ‘अव्हेल युअरसेल्फ ऑफ धिस फॅसिलिटी’ लागतं. ते जड वाटत असेल तर ‘यूज’ लिहा, कोणी गुन्हा दाखल करणार नाही. ‘मला सुरी लागली’ याचं ‘आय कट मायसेल्फ’, ‘मला चटका बसला’ याचं ‘आय बर्न्ट मायसेल्फ’. मराठीत सुरी लागते, चटका बसतो, आपण काही करत नाही. इंग्रजीत सगळं आपणच आपल्याला करून घेतो. याउलट आंघोळ, दाढी, कपडे करणं ही रोजची कामं इंग्रजी माणूस ‘सेल्फ’शिवाय उरकतो: ‘ही शेव्ह्ड, वॉश्ड अँड ड्रेस्ड’. आजारपणानंतर लहान मूल किंवा वृद्ध पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कपडे घालतो तेव्हा ‘ड्रेस्ड हिमसेल्फ’ शोभतं. ‘फील’, ‘रिलॅक्स’, ‘कॉन्सन्ट्रेट’, ‘हरी’ यांना तर ‘सेल्फ’ लावूच नका. ‘आय फील मायसेल्फ हॅपी’ नाही, ‘आय फील हॅपी’.

‘स्वतः’चे दोन अर्थ इंग्रजीत दोन वाटांनी जातात. ‘मी स्वतः केलं’, दुसऱ्याकडून करून घेतलं नाही, याला ‘आय डिड इट मायसेल्फ’. ‘मी एकट्याने, कोणाच्या मदतीशिवाय केलं’ याला ‘बाय मायसेल्फ’. आजी गावी एकटी राहत असेल तर ‘शी लिव्ह्ज बाय हरसेल्फ’. तिथे ‘बाय’ गाळला तर वाक्य लंगडं होतं. आणि ‘मुख्यमंत्री स्वतः आले’ असं ठासून सांगायचं असेल तर ‘द चीफ मिनिस्टर हिमसेल्फ केम’. तो शब्द ज्याच्यावर जोर द्यायचा त्याला चिकटून बसवा.

जागा दाखवणाऱ्या शब्दांपुढे मात्र ‘सेल्फ’ येत नाही, आणि इथे ‘स्वतःबरोबर’, ‘स्वतःजवळ’ फसवतात. ‘त्याने छत्री स्वतःबरोबर नेली’ म्हणजे ‘ही टुक ॲन अम्ब्रेला विथ हिम’. ‘तिने मागे वळून पाहिलं’ म्हणजे ‘शी लुक्ड बिहाइंड हर’. छत्री स्वतःबरोबर नाही तर आणखी कोणाबरोबर नेणार, असं इंग्रजी गृहीत धरते.

‘एकमेकांना’ आणि ‘स्वतःला’ यांत मराठी माणूस कधी चुकत नाही, इंग्रजीत मात्र ‘देमसेल्व्ह्ज’ लिहून बसतो. ‘दे केअर ओन्ली अबाउट देमसेल्व्ह्ज’ म्हटलं की ते नवरा-बायको स्वार्थी ठरले. ‘अबाउट ईच अदर’ म्हटलं की प्रेमळ. एवढा फरक आहे.

एका ठिकाणी मराठी आपल्याला फुकटात बरोबर इंग्रजी देते. ‘माझं उशिरा येणं त्यांना आवडलं नाही’ याचं शब्दशः ‘दे डिड नॉट लाइक माय कमिंग लेट’, आणि औपचारिक इंग्रजीत हेच नेमकं बरोबर. ‘मी कमिंग’ की ‘माय कमिंग’ यावर गेल्या शतकात वैयाकरणांत कडाक्याचे वाद झाले. 1926 मध्ये इंग्रजी वापराचा प्रसिद्ध कोश काढणारे फाउलर ‘माय’च्या बाजूने इरेला पेटले होते, तर डेन्मार्कचे येस्पर्सन यांनी त्यांना विरोध केला. आज बोलताना दोन्ही चालतात. अर्जात आणि परीक्षेत ‘माय’ ठेवा.

‘एव्हरीवन’ आणि ‘समवन’ एकवचनी असले तरी त्यांच्यामागे आता सर्रास ‘देअर’ येतं: ‘एव्हरीवन मस्ट ब्रिंग देअर ओन लंच’. शेकडो वर्षं चालत आलेला हा वापर आहे, आणि 2019 मध्ये मेरियम-वेब्स्टर शब्दकोशाने एका व्यक्तीसाठीही चालणाऱ्या ‘दे’लाच वर्षाचा शब्द ठरवलं. शाळेचे काही जुने शिक्षक अजून ‘हिज ऑर हर’वर अडून बसतात. पेपर तेच तपासणार असतील तर त्यांचं ऐका, एरवी ‘देअर’ बिनदिक्कत लिहा.

शब्दकोश उघडाल तेव्हा एक खूण ओळखायला शिका. इंग्रजी कोश वाक्प्रचार देताना ‘वन्स’ आणि ‘वनसेल्फ’ अशी मोकळी जागा ठेवतात: ‘लूज वन्स टेम्पर’, ‘मेक अप वन्स माइंड’, ‘प्राइड वनसेल्फ ऑन समथिंग’. ते जसंच्या तसं वाक्यात उतरवायचं नसतं, तिथे मालक भरायचा असतो: ‘ही लॉस्ट हिज टेम्पर’, ‘वी मेड अप अवर माइंड्स’, ‘शी प्राइड्स हरसेल्फ ऑन हर कुकिंग’. आपल्या ‘आपला’ला इंग्रजी कोशात सापडेल असा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच. क्रियापदाच्या नोंदीत ‘वनसेल्फ’ दिसला की त्याला ‘सेल्फ’ लागतो हे कळतं, आणि दिसला नाही की बहुधा लागत नाही. ‘एन्जॉय’ आणि ‘अव्हेल’ या दोन नोंदी आजच उघडून पाहा.